पावणीच्या पायथ्याशी

नोव्हेंबर लागायच्या आधीच्या रविवारी आमच्या चर्चमध्ये प्रत्येक घराला एक पांढरा कागद मिळतो. त्यावर आपापली मेलेली माणसं लिहायची आणि कागदाची घडी करून वेदीजवळच्या पेटीत टाकायची. मग दोन तारखेला दफनभूमीत आणि पुढं महिनाभर संध्याकाळच्या मिस्साला, म्हणजे चर्चच्या उपासनेला, फादर ती नावं मोठ्यानं वाचतात आणि प्रत्येक नावाला आम्ही "प्रभू, त्याला चिरशांती दे" असं उत्तर देतो. मेलेल्यांना आपल्या प्रार्थनेची गरज असते, ती बिचारी वाट बघत असतात, हे आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. कोल्हापुरात आम्ही कॅथलिक मूठभर. कुणाच्या घरात कोण कधी गेलं ते सगळ्यांना तोंडपाठ असतं, आणि एखादीनं सासूचं नाव गाळलं तर त्याची चर्चा बाहेर चहाच्या वेळी होतेच.

मी सात वर्षं माझ्या नवऱ्याचं नाव गाळलं. त्याची चर्चा झाली नाही. ते त्या यादीत बसणारे नव्हतेच, असं सगळ्यांनी धरलं होतं आणि मीही तेच धरलं होतं.

मी मूळची आजऱ्याकडची. घरी कोकणी बोलणारं, पिढ्यान्‌पिढ्यांचं कॅथलिक घर. मिरजेला नर्सिंग शिकले आणि कोल्हापुरात सरकारी दवाखान्यात लागले. उद्यमनगरात लेथवर काम करणारा एक मुरगूडचा माणूस डोळ्यात लोखंडाचा कण गेला म्हणून तिथं आला. कण काढताना डॉक्टरांनी मला त्याचं डोकं घट्ट धरायला सांगितलं. पुढं जन्मभर ते ही गोष्ट येईल त्याला ऐकवायचे. "हिनं पयल्याच दिवशी माजं डोस्कं धरलं, ते आजून सोडलं न्हाय," म्हणायचे.

आम्ही कोर्टात लग्न केलं. माझे वडील दोन वर्षं बोलले नाहीत. चर्चमध्ये लग्न केलं नाही म्हणून मला कम्युनियन, मिस्सातला प्रसाद, मिळेना, त्याचा मला फार राग आला. चूक माझीच होती, न विचारता न सांगता मीच सगळं उरकलं होतं, तरी राग आला. माझा स्वभावच तसा आहे. आधी कुणाला विचारायचं नाही, आणि मग आपल्याला कुणी विचारलं नाही म्हणून फुगून बसायचं. पुढं एका म्हाताऱ्या फादरनी समजूत काढली, कागदपत्रं केली आणि आमचं लग्न चर्चच्या नियमात बसवलं. मिस्टरांनी फादरच्या ऑफिसात बसून सही केली, चहा घेतला, फादरच्या टेबलफॅनचा आवाज येत होता तो खोलून दुरुस्त करून दिला. पण चर्चच्या आत ते कधी आले नाहीत. कुणी नको म्हटलं नव्हतं. रविवारी मला स्कूटरवरून सोडायचे आणि मिस्सा संपेपर्यंत फाटकाबाहेर पेपर वाचत बसायचे. नंतर आम्ही मिसळ खायला जायचो. "तुजा देव तुज्याकडं, माजा माज्याकडं," म्हणायचे, "मिसळीचा कट तेवढा दोघांत."

आम्हाला मूल झालं नाही. मी त्यांना "अहो" म्हणायचे आणि दुसऱ्यांशी बोलताना "आमचे मिस्टर". नाव मी कधी घेतलं नाही. सासरची रीत म्हणून सुरू झालं आणि मग अंगवळणीच पडलं. बँकेच्या फॉर्मवर लिहायचे, तोंडानं नाही.

दोन नोव्हेंबर हा आमचा मृतांचा दिवस. आदल्या दोन-चार दिवसांत सगळी घरं दफनभूमीत जाऊन आपापल्या कबरी धुतात, गवत काढतात, चुना लावतात. दोन तारखेच्या संध्याकाळी तिथंच मिस्सा होतो आणि प्रत्येक कबरीवर फुलं नि मेणबत्त्या असतात. माझी माणसं आजऱ्याला पुरलेली. कोल्हापुरात माझं असं जमिनीखाली कुणीच नव्हतं. नोकरीतल्या पहिल्या वर्षी मी हात हलवत उभी होते, तेव्हा चर्चमधल्या एका वयस्कर बाईंनी मला हाताला धरून कुंपणाकडच्या ओळीत नेलं आणि म्हणाल्या, ही पावण्यांची कबर आजपासून तुझी.

पावणे म्हणजे पाहुणे, पोलंडचे लोक. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी घरंदारं गेलेली तिकडची हजारो बायकापोरं कुठून कुठून फिरत कोल्हापूरला आली. संस्थानानं वळिवड्याला जागा दिली. बराकी उभ्या राहिल्या, त्यांचं चर्च झालं, शाळा झाली. पाच-सहा वर्षं राहिली आणि मग निघून गेली. पाठोपाठ फाळणीनंतरचे सिंधी निर्वासित तिथं आले आणि आज त्याच भागात आख्खा जिल्हा लग्नाचा बस्ता बांधायला जातो. पण त्या पोलिश लोकांतली जी इथं मेली ती इथंच राहिली. त्यांच्यावर मेणबत्ती लावायला कुणी नाही, म्हणून आमच्या चर्चच्या जुन्या लोकांनी त्या कबरी वाटून घेतल्या. जिवंतपणी त्यांना कुणी अंडी दिली, कुणी दूध दिलं, कुणी अंगावरचे कपडे दिले. मेल्यावर द्यायला एवढंच उरलं होतं. ज्यांची गावात स्वतःची कबर नाही त्यांच्याकडं एक-एक पावण्यांची कबर, अशी ती रीत पडली.

माझ्या वाट्याची कबर एका बाईची. दगडावर क्रूस, लांबलचक नाव आणि दोन सालं. वजाबाकी केली तर तिशीसुद्धा पुरी नाही. लग्नानंतर मिस्टर दर वर्षी माझ्याबरोबर यायचे. दफनभूमी म्हणजे काही चर्च नव्हे, असं त्यांनी आपल्यापुरतं ठरवलं होतं. पहिल्या वर्षी दगड घासायला कारखान्यातला तारेचा ब्रश घेऊन आले. मी ओरडले की दगडाला चरे पडतील, तर पुढच्या वर्षीपासून नारळाची शेंडी आणायला लागले. अक्षरांच्या खाचेतली माती काडीनं काढायचे, आणि ही अक्षरं कोरणारा हात चांगला होता, असं दर वर्षी न चुकता म्हणायचे.

मी माळ घेऊन प्रार्थनेला बसले की ते आपले त्या बाईशी बोलत असायचे. "काय पावणीबाई, बरं हाय न्हवं? औंदा पाऊस लई झाला बगा." पन्हाळ्यावर किती गर्दी वाढली, पेठ वडगावच्या बाजारात बैल किती महाग झाले, सगळं तिला सांगायचे. एकदा मी चिडून म्हटलं, मेलेल्यांशी असं बोलत नाहीत, त्यांच्यासाठी प्रार्थना करतात. ते शेंडी घासत म्हणाले, "तू देवाला सांग, मी हिला सांगतो. तिच्यासंगं बी कुणीतरी बोलाय नगं व्हय?"

आठ वर्षांपूर्वी फेब्रुवारीत ते गेले. सकाळी दाढी करता करता. मी नर्स, चाळीस वर्षं माणसांची छाती दाबलेली बाई. दाबून दाबून माझे हात गळाले, पण काही झालं नाही.

दीर आले आणि त्यांना मुरगूडला घेऊन गेले. सगळं त्यांच्या रीतीनं झालं आणि ते बरोबरच होतं. दीर माणूस म्हणून सोन्यासारखा. मला बाजूला घेऊन म्हणाले, "वैनी, तुमच्यातलं काय करायचं आसंल तर करा. आमची ना न्हाय." मी म्हटलं, काही नको. आमच्यात काय करतात तेच मला त्या वेळी आठवेना. मला वाटतं, एकदा "काही नको" म्हटलं ना, की ते परत घेता येत नाही.

तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन. हल्ली आमच्याकडं रक्षा नदीत न सोडता शेतात पसरून त्यावर झाड लावायची पद्धत पडली आहे. दिरांनी आंब्याचं रोप आणलं होतं. खड्डा काढायला सगळे पुढं गेले आणि रक्षेचं घमेलं बांधावर माझ्यापाशी राहिलं. माझ्या पर्समध्ये लघवी तपासायची एक नवी कोरी डबी कायम असायची, मी तिच्यात बडीशेप ठेवायचे. ती बडीशेप उसाच्या सरीत ओतली, मूठभर रक्षा डबीत भरली आणि झाकण फिरवलं. कुणी बघितलं नाही. बघितलं असतं तरी कुणी काही म्हटलं नसतं. मागितली असती तर दिरांनी स्वतः काढून दिली असती. पण मागणं माझ्या रक्तातच नाही.

मला ते आंब्याचं झाड नको होतं. झाड दिरांच्या रानात. तिथं जायचं तर जावेला आधी फोन करायचा, मग चहा, मग जेवून जा म्हणायची ती, मग पोरासोरांसकट सगळे रानात यायचे. मला त्यांच्यापाशी एकटीला जायचं होतं.

डबी नोव्हेंबरपर्यंत घरात मारियामातेच्या पुतळ्यामागं राहिली. मग एका दुपारी दफनभूमीत कुणी नसताना मी खुरपं घेऊन गेले आणि पावणीच्या पायथ्याशी, जिथं सदाफुली आपोआप उगवली होती तिथं, वीतभर खणून ती रक्षा मातीत घातली. वर माती ओढली, पाणी घातलं. दुसऱ्याच्या कबरीत न विचारता आपलं माणूस ठेवणं हे पाप की नुसता आगाऊपणा, मला अजून ठरवता आलेलं नाही. कन्फेशनला जाऊन मी बाकीची सगळी पापं सांगितली. हे मात्र सांगितलं नाही.

नंतरची सात वर्षं मी तिथं जात राहिले. नोव्हेंबरातच असं नाही, एरवीही. पेन्शनीत निघालेल्या बाईला वेळ काय कमी असतो? सकाळी उठून चहा एक कप करायचा, टीव्ही बोलायला ठेवायचा आणि रविवारी रिक्षानं चर्चला जायचं. मिस्सात फादर म्हणतात, आता एकमेकांना शांती द्या. सगळी घरं एकमेकांकडं वळून हात जोडतात. माझ्या बाकावर मी आणि माझी पर्स. पुढच्या बाकावरचं कुणीतरी मागं वळायचं खरं, पण ते आपल्या माणसांचं सगळं झाल्यावर. त्यात त्यांचा काय दोष? तरी मला ते लागायचं.

कागदावर मी दर वर्षी चार नावं लिहायचे. वडील, आई, भाऊ आणि दगडावरून अक्षर अक्षर उतरवून घेतलेलं पावणीचं नाव. फादर ते जमेल तसं वाचायचे आणि सगळं चर्च तिच्यासाठी चिरशांती मागायचं. तिच्या पायथ्याशी झोपलेल्या माणसासाठी कुणी काही मागत नव्हतं. एका वर्षी पेन टेकवलासुद्धा होता. पण बाप्तिस्मा न झालेल्या माणसाचं नाव चालतं का, हे आधी फादरना विचारावं लागलं असतं, आणि ते नाही म्हणाले असते तर? नाव लिहिलं नाही तर निदान कुणी खोडलं तरी नाही, असा माझा विचार. मग मी एकटीच त्यांच्यासाठी माळ म्हणायचे. एकट्या बाईची प्रार्थना कितीशी पुरणार, असंही मनात यायचं आणि रात्रंदिवस तेच डोक्यात घोळायचं.

गेल्या ऑक्टोबरात फादरचा फोन आला. हे फादर वसईकडचे, तरुण, माझ्या मुलाच्या वयाचे, मूल असतं तर. ते आनंदात होते. म्हणाले, पोलंडहून एक आजीबाई आणि त्यांची मुलगी येताहेत, आजीबाई लहानपणी वळिवड्याच्या कॅम्पात होत्या, आणि तुम्ही सांभाळता ती कबर त्यांच्या आईची आहे. तुम्ही यायलाच पाहिजे.

फोन ठेवला. कबरीला मालक आला होता. आता ते दगड नवा बसवणार, फरशी घालणार, म्हणजे खणणार. आणि मला काय हक्क होता नको म्हणायचा? आदल्या दिवशी जाऊन मी सगळं स्वच्छ केलं. सदाफुलीच्या बुडाशी खुरपं मारून माती सारखी केली, म्हणजे तिथं काही आहे असं दिसायला नको. मिस्टरांना म्हटलं, गप पडून राहा, उद्या पाहुणे आहेत.

दोघी सकाळी दहाला आल्या. आजीबाई ऐंशी उलटलेल्या, डोक्यावर सुती टोपी. मला आधी त्यांचे पाय दिसले, घोट्यापाशी सुजलेले. विमानात बसून बसून तसे होतात आणि या वयात ते चांगलं नसतं. मुलगी साठीला आलेली, इंग्रजी बोलणारी. आधी वळिवड्याकडं जाऊन आल्या होत्या, आणि आईच्या बराकीच्या जागी साड्यांची दुकानं दिसली, असं तिनं सांगितलं. आजीबाईंना लहानपणचे तीन-चार मराठी शब्द आठवत होते. पाणी, चल चल, गरम. मला बघून त्या म्हणाल्या, "चल चल," आणि माझा दंड धरून कबरीकडं चालायला लागल्या.

मी नको नको म्हणत असताना त्या गुडघ्यांवर बसल्या. दगडाचं चुंबन घेतलं. मग त्यांच्या भाषेत बोलायला लागल्या, हळू, मध्येच थांबत, एखादी गोष्ट सांगावी तसं. ती प्रार्थना नव्हती. मला एक अक्षर कळत नव्हतं, पण ही बाई आईला इतक्या वर्षांचं सगळं सांगते आहे हे दगडालाही कळलं असतं. फादर आणि मी बाजूला सरकून उभे राहिलो.

बोलणं झाल्यावर त्यांनी पिशवीतून एक छोटी कापडी थैली आणि चमचा काढला. मुलीनं आम्हाला समजावून सांगितलं. आजीबाईंचे वडील सैन्यात होते. युद्ध संपल्यावर त्यांना मुलगी सापडली, बायको सापडली नाही, ती इथं राहिली. त्यांनी दुसरं लग्न केलं नाही. ते तिकडं आपल्या गावात एकटे पुरलेले आहेत. आईच्या कबरीची मूठभर माती नेऊन वडिलांच्या कबरीवर घालायची, एवढ्यासाठी डॉक्टर नको म्हणत असताना ही बाई विमानात बसली होती.

आजीबाईंनी इकडं तिकडं माती चाचपली. डोक्याच्या बाजूला टणक होती. पायथ्याशी मी आदल्याच दिवशी खुरपून भुसभुशीत करून ठेवलेली. माझ्याच हातानं. त्यांनी सदाफुली बाजूला सारली आणि चमचा मातीत घातला.

खरं सांगते, दोन चमचे थैलीत गेले तोवर मी गप्प होते. न बोलता सगळं निभावून जाईल, फक्त मिस्टर पोलंडला जातील, कुणा एका सैनिकाच्या छातीवर, त्याच्या बायकोच्या मातीबरोबर. त्या नवरा-बायकोच्या मध्ये. आणि मला काय राहील? ही मोकळी जागा. ज्या माणसानं मुंबईपलीकडचं जग बघितलं नाही त्याला मी असा न सांगता लावून देत होते.

"थांबा," मी म्हटलं. मराठीतच म्हटलं आणि आजीबाई थांबल्या.

मग माझ्या दवाखान्यातल्या इंग्रजीत सगळं सांगितलं. सांगताना फादरकडं बघितलं नाही. मुलीच्या चेहऱ्यावरचा रंग बदलत गेला. तिनं आईपाशी बसून ते त्यांच्या भाषेत सांगितलं. मी सांगितलं त्यापेक्षा तिला फार वेळ लागला, का कुणास ठाऊक. आजीबाई चमचा हातात धरून ऐकत होत्या. मला वाटलं, आता ही बाई मला काय बोलेल ते बोलो. बोलायलाच पाहिजे. मीही बोलले असते.

त्यांनी एकच गोष्ट विचारली. माझा नवरा त्यांच्या आईला ओळखत होता का?

आता हे कसं सांगायचं? मी सांगितलं, ओळखत होते. नारळाच्या शेंडीचं सांगितलं, काडीनं अक्षरं साफ करायचे ते सांगितलं. आम्ही यांना पावणे म्हणतो म्हणजे काय ते सांगितलं. तीस वर्षं ते दर नोव्हेंबरात येऊन त्यांच्या आईला पावसाचं, बाजाराचं, घरचं सगळं सांगत होते आणि मी त्यांना त्यावरून रागावत होते, तेही सांगितलं.

आजीबाईंनी टोपी काढली. मुलीकडं न बघता, माझ्याकडं बघत त्या बोलल्या आणि मुलगी मागोमाग सांगत गेली. "आम्ही निघालो तेव्हा मी सात वर्षांची होते. गाडीत मी रडत होते, आईला एकटीला का ठेवून चाललो म्हणून. मोठी माणसं म्हणाली, इथले लोक बघतील तिच्याकडं. मला ते खोटं वाटलं. आजपर्यंत खोटं वाटत होतं."

मग त्यांनी थैली उलटी करून दोन्ही चमचे माती परत पायथ्याशी घातली आणि तळहातानं थापटून बसवली. तान्ह्या पोराला थापटावं तसं. फादरनी खाली बसून डोक्याच्या बाजूची टणक माती खुरप्यानं मोकळी करून दिली, ती त्यांनी थैलीत भरून घेतली.

उठताना त्यांनी मिस्टरांचं नाव विचारलं. त्यांच्या गावातही नोव्हेंबरात मेलेल्यांची नावं लिहून देतात आणि चर्चमध्ये वाचतात. आईच्या नावाखाली त्यांना ते लिहायचं होतं. मी म्हटलं, ते हिंदू होते, त्यांचा बाप्तिस्मा झाला नव्हता, चालणार नाही. मुलीनं सांगितल्यावर आजीबाई फटकन काहीतरी बोलल्या. मुलगी जरा हसली आणि म्हणाली, "ती म्हणते, मी फादरना विचारत नाही, तुला विचारते."

मी तोंड उघडलं आणि आवाज फुटेना. उभ्या आयुष्यात ते नाव माझ्या जिभेवर आलं नव्हतं. दुसऱ्या खेपेला आलं, नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, आडनाव, ऑफिसात हाक मारतात तसं सगळं एका दमात. मुलीनं वहीत लिहून घेतलं. मी इतक्या जोरात बोलले होते की पलीकडं कबर धुणारी माणसं वळून बघायला लागली.

त्या गेल्यावर फादर आणि मी फाटकापाशी रिक्षाची वाट बघत उभे होतो. रक्षेचं असं करायचं नसतं, ते म्हणाले, पण ते म्हणायचं म्हणून म्हणाले. मग चष्मा काढून पुसत बसले आणि म्हणाले, "यादीचं तुम्ही मला विचारलं का नाहीत? आपण कुणासाठीही प्रार्थना करू शकतो. कुणासाठीही."

"तुम्ही नाही म्हणाला असतात तर?"

"नसतो म्हणालो."

मला राग आला. त्यांचा की माझा कुणास ठाऊक. मी म्हटलं, हे एखाद्या रविवारी प्रवचनात सांगायचं होतं. त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. सात वर्षं मी एका नियमाला घाबरत होते आणि तो नियम माझ्याशिवाय कुणी केलेलाच नव्हता.

त्या वर्षी मी पाचवं नाव लिहिलं.

दोन नोव्हेंबरला संध्याकाळी पाचला दफनभूमीत मिस्सा झाला. सगळीकडं मेणबत्त्या, झेंडू, चुन्याच्या नव्या पांढऱ्या कडा. मी पावणीच्या कबरीपाशी उभी होते. मनातून मी खुशीत होते. आज पहिल्यांदा सगळे मिळून त्यांच्यासाठी मागणार, आता मी एकटी नाही, असं दिवसभर स्वतःला सांगत होते. साडीसुद्धा चांगली नेसले होते. फादरनी माझा कागद घेतला. वडील, आई, भाऊ, पावणी. मग त्यांनी मिस्टरांचं पूर्ण नाव वाचलं, स्पष्ट, कुठंही न अडखळता, आणि तिथं जमलेल्या सगळ्या माणसांनी एका आवाजात म्हटलं, प्रभू, त्याला चिरशांती दे.

किती सहज म्हटलं सगळ्यांनी. जसं माझ्या आईला म्हणतात, भावाला म्हणतात तसंच. त्या माणसाला त्यांनी मेलेल्यांत घेतलं होतं, आणि मला कळलं की मी अजून घेतलं नव्हतं. नियमाची भीती होती ती होती, पण नाव लिहायला हात धजत नव्हता तो त्या भीतीनं नाही. यादीत नाहीत तोवर ते कुठंतरी होते. माझे मिस्टर त्या संध्याकाळी मेले, सगळ्यांसमोर, आठ वर्षांनी, आणि मी चांगली साडी नेसून उभी होते. मला उत्तर देता आलं नाही. मेण बोटांवर ओघळत होतं, तर शेजारच्या कबरीपाशी उभ्या असलेल्या बाईनं माझ्या हातातून मेणबत्ती काढून घेतली.

फादरनी पुढचं नाव वाचलं.